रस्सीचं वाक्य

बाबांना शनिवारी दुपारी एकट्याने ठाण्याला जाऊ द्यायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. पण त्यावरून आमच्या डोंबिवलीच्या घरात वर्षभर हवा तापलेली होती. त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडत मी एकटीच होते. बाबा फक्त “बरं” म्हणायचे आणि खिडकीशी जाऊन बसायचे. त्यांचं ते “बरं” ऐकलं की माझं डोकं आणखी फिरायचं.

बाबांनी ऐंशी ओलांडलेली. ठाण्याच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, इस्त्रीच्या शर्टाशिवाय दूध आणायलाही खाली न उतरणारे. आई गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. मी लग्न केलेलं नाही, शाळेत गणित शिकवते, आणि माझा आवाज तिसऱ्या मजल्यावरून गेटपर्यंत जातो असं आमचा वॉचमन सांगतो. माझा स्वभाव काळजी करणारा आहे असं मी म्हणते. बाकीचे त्याला दुसरं नाव देतात.

निवृत्तीनंतर वीस वर्षं बाबांनी पेपर वाचण्यापलीकडे काही केलं नाही, आणि एक दिवस अचानक म्हणाले, मी उर्दू शिकणार. मी हसले. ते हसले नाहीत. “फिर्याद, दस्तऐवज, मुद्देमाल, तारीख, हुकूम,” ते म्हणाले, “या शब्दांवर आपलं घर चाललं. तुझं शिक्षण झालं. ते मुळात कसे लिहितात हे बघितल्याशिवाय मी जाणार नाही.” मग ठाण्यातल्या खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत, एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी चालणारा वर्ग त्यांनी स्वतः शोधून काढला आणि बसने एकटे जायला लागले. तेव्हा मला त्याचं कौतुकच वाटायचं. मी शाळेत सगळ्यांना सांगत फिरायचे.

मग ते पडले. वर्ग सुटल्यावर खोपटच्या डेपोत बसची वाट बघताना भोवळ आली आणि फरशीवर आडवे झाले. कुणीतरी भल्या माणसाने त्यांच्या फोनवरून मला फोन केला. मी टॅक्सी करून पोचले तेव्हा ते बाकावर बसले होते, शर्ट पाण्याने चिंब, एका पायात चप्पल नाही. मी समोर उभी राहिले आणि त्यांनी मला ओळखलं नाही. अगदी थोडा वेळ, पण नाही ओळखलं. “आपण कोण?” असं विचारलं त्यांनी, अतिशय सभ्यपणे, कोर्टात आलेल्या पक्षकाराला विचारावं तसं. डॉक्टर म्हणाले, सोडियम कमी झालं होतं, या वयात होतं, आता मीठ बंद करू नका. बाबा चार दिवसांत ठणठणीत झाले. मी झाले नाही. ते “आपण कोण” माझ्या कानातून जाईना.

त्यानंतर मी कायदे केले. बाबांनी एकट्याने कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे जायचं नाही. खिशात माझ्या नंबरची चिठ्ठी हवीच. बाथरूमची कडी लावायची नाही. मी शाळेत असताना मधल्या सुट्टीत फोन करणार, दुसऱ्या रिंगला उचलायचा. बाबांनी एकाही कायद्याला हरकत घेतली नाही. कडीचं ऐकल्यावर फक्त क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “बरं.”

वर्गाला मात्र ते जाणारच होते. मग मी म्हटलं, ठीक आहे, मी बरोबर येते.

तिथे शिकवायच्या त्या कल्याणच्या. उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या, पांढऱ्या ओढणीतल्या, ठेंगण्या बाई. सगळे त्यांना आपा म्हणायचे. बाबाही म्हणायचे, खरं तर आपा त्यांच्याहून चांगल्या पंधरा वर्षांनी लहान. मी पहिल्या दिवशी मागच्या बाकावर बसून चाचणीचे पेपर तपासायला काढले. आपा माझ्यापाशी आल्या. “बाई, इथे पाहुणे बसत नाहीत,” त्या म्हणाल्या. “बसायचं असेल तर अलिफ काढा, नाहीतर खाली चहा चांगला मिळतो.” मी चिडले. पण खाली गेले तर बाबा नजरेआड होणार, म्हणून अलिफ हे पहिलं अक्षर काढलं. अशी मी उर्दू शिकायला लागले, निव्वळ पहारा द्यायला.

आपांची एक पद्धत होती. नवा वाक्प्रचार आला की प्रत्येकाने त्याचं वाक्य करायचं, आणि ते स्वतःच्या आयुष्यातलं, खरं असलं पाहिजे. “माझ्या क्लासमध्ये खोटा जुमला, खोटं वाक्य, चालत नाही,” असं त्या म्हणायच्या. ‘आँख लगना’ आलं तेव्हा एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने साहेबांच्या मीटिंगमध्ये आपण घोरत होतो हे कबूल केलं, आणि सगळा वर्ग खदखदून हसला. पसंत पडलेलं वाक्य आपा फळ्यावर लिहायच्या आणि सगळ्यांनी ते उतरवून घ्यायचं.

त्या शनिवारी फळ्यावर होतं, ‘रस्सी ढीली छोडना’.

“बकरी खुंट्याला बांधलेली असते,” आपांनी सांगितलं. “रस्सी जेवढी, तेवढंच तिचं गवत. रस्सी ढिली सोडली की ती लांब जाऊन चरते. माणसाच्या बाबतीत म्हणजे, त्याला मोकळीक देणं. आपल्या हातातली माणसं असतात ना, त्यांना. बोला साहेब.”

बाबा पहिल्या रांगेत बसायचे. ते उभे राहिले. वर्गात उभं राहून उत्तर द्यायची त्यांची सवय आपांनाही मोडता आली नव्हती. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. अगदी सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाले, “गिरने के बाद मेरी बेटी ने मेरी रस्सी ढीली नहीं छोडी।”

कुणी हसलं नाही. आपांनी माझ्याकडे नजरही न टाकता “सही” म्हटलं, खडू उचलला आणि ते वाक्य उजवीकडून डावीकडे फळ्यावर लिहिलं. मग सगळ्यांनी माना खाली घालून ते उतरवून घेतलं. मलाही उतरवावं लागलं. ‘बेटी’ हा शब्द मला न बघता लिहिता यायचा, इतपत माझी प्रगती झाली होती.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मला वाक्य सुचत नाही.

“मग आज राहू दे,” आपा म्हणाल्या. “खरं सापडलं की सांगा.”

परतीच्या बसमध्ये मी मुंब्रा बायपासपर्यंत तोंड मिटून बसले. शीळफाट्याला नेहमीसारखी बस अडकली आणि माझा बांध फुटला.

“चारचौघांत माझी अब्रू काढलीत तुम्ही.”

“आपांचा नियम आहे. खरं बोलायचं,” बाबा म्हणाले.

“घरी बोलायचं मग! घरी तोंडातून शब्द निघत नाही तुमच्या. मी काय तुम्हाला बांधून घातलंय?”

बाबांनी खिडकीची काच सरकवायचा प्रयत्न केला, ती सरकली नाही, त्यांनी हात परत मांडीवर ठेवले. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली आणि मी आणखी भडकले.

“जा मग! पुढच्या शनिवारी एकटेच जा. मी येणार नाही. फोनसुद्धा करणार नाही. बास?”

“बरं,” बाबा म्हणाले.

मी ते रागाने बोलले होते. त्यांनी कोर्टाचा हुकूम झाल्यासारखं ते मनात नोंदवून घेतलं.

तो आठवडा मी अशी वागले की जणू ते बोलणं झालंच नाही. बाबा विसरतील अशी आशा होती. एरवी चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतात. पण हे नाही विसरले. बुधवारी मला न सांगता कोपऱ्यावरच्या लॅबच्या माणसाला घरी बोलावून रक्त देऊन मोकळे झाले, आणि गुरुवारी माझ्या ताटाशेजारी रिपोर्ट ठेवला. “सोडियम ठीक आहे,” ते म्हणाले. मी आमटी वाढून घेतली. रिपोर्टवर आमटी सांडली तर बरं, असंही मनात येऊन गेलं.

शनिवारी जेवण झाल्यावर ते तयार झाले. पांढरा शर्ट, वही, पाण्याची बाटली, माझी जुनी निळी छत्री. दारात उभं राहून त्यांनी मला खिसा दाखवला. “चिठ्ठी आहे. फोन पूर्ण चार्ज आहे. लिमलेटच्या गोळ्या आहेत.” शाळेत निघालेली मुलं रुमाल दाखवतात तसा दाखवला त्यांनी खिसा. मला एकदम रडू आलं आणि मी आत जाऊन कुकर घासायला लागले.

मी बाल्कनीत जाणार नव्हते. गेले. गेटबाहेर ते वळताना दिसले, मग नाही दिसले.

वर्ग तीनला सुरू व्हायचा. मी पेपर तपासायला घेतले. एका मुलीचं बरोबर आलेलं त्रैराशिक मी चूक देऊन टाकलं आणि मग खोडून बरोबर केलं. तीन वाजले. पोचल्यावर त्यांनी फोन करायचा असं काही ठरलं नव्हतं. मी मुद्दाम ठरवलं नव्हतं, तोऱ्यात. मग मला वाटलं, आपांना विचारायला काय हरकत आहे, ते काही बाबांना फोन करणं झालं नाही.

“नाही आले अजून,” आपा म्हणाल्या. “मला वाटलं, आज तुम्ही दोघं येणार नाही.”

त्यानंतर मी बाबांना फोन केला. शब्द गेला चुलीत. रिंग वाजत राहिली, उचलला नाही. परत केला. परत केला. माझ्या डोळ्यांसमोर तो बाक आला, तो चिंब शर्ट आला, आणि या वेळी बाबा कुणा अनोळखी माणसाला “आपण कोण” विचारताहेत, तो माणूस खिशात हात घालतोय, चिठ्ठी काढत नाहीय, असलं काहीही दिसायला लागलं. पायांत चपला घातल्या का हेही मला रिक्षात बसल्यावर कळलं.

“शीळफाट्याकडून ठाणे,” मी म्हटलं. “किती होतील ते घे.”

रिक्षावाला इथल्याच एका गावचा, आगरी. काटई ओलांडली आणि गाड्यांची रांग लागली. त्याने रिक्षा डाव्या कडेने, मातीतून, दुकानांच्या पायऱ्यांना घासत नेली. पुढे तीही वाट संपली.

“ताई, फुरं काय नाय हालत,” तो म्हणाला. “फाट्यावं कंटेनर आरवा परलाय दुपारपासून. बसाबी सगल्या अरकल्यान.”

म्हणजे बाबांची बसही त्यातच अडकली असणार. मी उतरले आणि चालायला लागले. ऊन डोक्यात घुसत होतं. ट्रक, टँकर, शाळेची एक रिकामी बस, सगळे इंजिन बंद करून उभे. ड्रायव्हर खाली उतरून चाकांच्या सावलीत बसलेले. जी प्रवासी बस दिसेल तिच्याजवळ जायचं, टाचा उंच करून एकेक खिडकी बघायची. लोक आतून माझ्याकडे बघायचे. एका बसमध्ये पांढऱ्या शर्टातला एक म्हातारा मान टाकून बसलेला दिसला आणि मी काचेवर इतक्या जोरात थाप मारली की तो दचकून जागा झाला. ते बाबा नव्हते. मी माफी मागितली की नाही, आठवत नाही. मी चालतच होते आणि तोंडाने पुटपुटत होते, एवढ्या वेळी सुखरूप असू देत, परत कधी एकटं सोडणार नाही.

फाट्याच्या थोडं अलीकडे बाबांची बस उभी होती. ते खिडकीत बसले होते, मांडीवर वही उघडी, हातात फोन. ठणठणीत. शेजारची सीट रिकामी.

त्यांनी मला बघितलं. मला वाटलं होतं, त्यांना हायसं वाटेल. त्यांचा चेहरा पडला.

“फोन का नाही उचलला?” मी खालून ओरडले.

त्यांनी काच सरकवली. या बसची सरकत होती. “तू करणार नाहीस असं ठरलं होतं,” ते म्हणाले. “उचलला असता तर तुझा शब्द मोडला असता.”

“आणि माझं काय झालं असेल इथे?”

“कळतं मला,” बाबा म्हणाले. “कळतं म्हणून तर हातात धरून बसलो होतो.”

कंडक्टरने दार उघडलं. “मॅडम, चढताय का? पुढं क्रेन आलीय, निघेल आता.” मी दांडा धरला, एक पाय पायरीवर ठेवला. आत दिसलं, बाबांनी वही मिटली, छत्री उचलून कडेला घेतली आणि ते खिडकीकडे सरकले. माझ्यासाठी जागा केली. तक्रार नाही, कपाळाला आठी नाही. बाथरूमच्या कडीचं ऐकल्यावर होता तोच चेहरा. आता मी जाऊन बसले असते तर ते “बरं” म्हणाले असते, आणि परत कधी एकटं जायचं नावसुद्धा काढलं नसतं. मला माझ्या बापाची खात्री आहे.

मी पाय खाली घेतला. फार जड गेलं मला ते. दांडा सोडवेना.

“नाही,” मी कंडक्टरला म्हटलं. “मी चुकून चढत होते.”

परत खिडकीखाली येऊन उभी राहिले. “क्लास संपला असेल,” मी म्हटलं.

“असू दे. खोपटपर्यंत जाऊन येतो.”

पुढे क्रेनचा आवाज झाला, गाड्या सुरू व्हायला लागल्या. बाबांनी खिडकीतून ती निळी छत्री माझ्याकडे पुढे केली. “ऊन आहे. पलीकडून रिक्षा मिळेल. सांभाळून जा,” ते म्हणाले. “आणि पोचलीस की कळव.”

बस हलली. मी छत्री हातात घेऊन उभी राहिले, उघडायचं सुचलं नाही.

पोचलीस की कळव. हे मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकलं होतं, तेही खोपटलाच. मी एकवीस वर्षांची होते. जव्हारच्या पुढे जंगलातल्या एका आश्रमशाळेत नोकरी मिळाली होती. आईने जेवण सोडलं, मामा समजवायला आले, शेजारणींनी गावची कसली कसली वर्णनं ऐकवली. बाबांनी मला एसटीत बसवून दिलं, खिडकीखाली उभे राहिले आणि तेवढंच म्हणाले. आमच्याकडे फोन नव्हता, तिथेही नव्हता. पोचल्यावर मी कार्ड टाकलं, नव्या नवलाईत, चांगलंच उशिरा. बाबांना माझी काही काळजी वाटत नाही असं तेव्हा मला वाटलं होतं, आणि त्याचा मला थोडा रागही होता.

पलीकडच्या बाजूने रस्ता मोकळा होता, पण रिक्षा मिळायला बराच वेळ लागला. घरी पोचले, पंखा लावला आणि फोन केला. पहिल्या रिंगला उचलला.

“पोचले बाबा.”

“बरं. मी खोपटला आहे. क्लास सुटला, पण आपा थांबल्या होत्या माझ्यासाठी. चहा घेतला. त्या विचारताहेत, तुझं वाक्य राहिलंय.”

मी पाणी प्यायले. मग बापासाठी आपांनी शिकवलेला शब्द घालून माझ्या त्या मोडक्या उर्दूत सांगितलं, “मेरे वालिद ने मेरी रस्सी कब की ढीली छोड दी थी।”

पलीकडे डेपोत कुठल्या तरी गावाच्या गाडीची घोषणा चालली होती.

“तुझं कार्ड येईपर्यंत,” बाबा म्हणाले, “मी रोज कोर्टातून मधल्या सुट्टीत इथे यायचो. जव्हारकडून आलेल्या गाडीच्या कंडक्टरला विचारायचो, वाटेत काही झालं नाही ना म्हणून.”

“तुम्ही कधी सांगितलं नाहीत.”

“आईला कळलं असतं तर तिने तुला परत आणायला लावलं असतं,” ते म्हणाले. “ठेव आता. माझी बस लागली.”